डुकरांना जेवायला बोलावणारी छबूमावशी

आमच्या बोरदरीत छबूमावशीच्या पुढं चालायला कुणी तयार नसतं. मागं चालतील, बाजूनं चालतील, पण पुढं नाही. कारण पुढं चालणाऱ्याच्या अगदी टाचेजवळ रानडुक्कर फुरफुरल्यासारखा आवाज येतो, माणूस उडी मारून बाजूच्या सराट्यात जातो, आणि वळून बघावं तर छबूमावशी डोक्यावरचं गवताचं ओझं सावरत भोळ्या चेहऱ्यानं विचारते, "काय झालं वो? काटा मोडला का?"

मी सविता. सहा वर्षांपूर्वी किशनरावांची सून म्हणून या गावात आले. आमचं गाव जिंतूरच्या डोंगरात आहे. येलदरी धरण भरलं की पाणी आमच्या खालच्या रानाच्या बांधाला लागतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी मळ्याच्या वाटेनं निघाले होते. मागून आवाज आला आणि मी नव्या साडीसकट पाटाच्या पाण्यात उभी! घरी आल्यावर सासूबाई, म्हणजे पार्वतीबाई, पदरात हसत म्हणाल्या, "छबू भेटली वाटतं. बरं झालं, आता तू गावातली झालीस."

मावशीचं वय साठीला टेकलंय. अंगानं किरकोळ, आवाजानं नाही. ती आणि तिचा नवरा व्यंकटी यांनी बावीस वर्षं ऊस तोडला. दिवाळी झाली की ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड टाकायचं, खाली कृष्णेकडच्या नाहीतर भीमेकडच्या कारखान्यावर जायचं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. ऊस तोडताना फड चारी बाजूंनी लहान होत जातो आणि आतली जनावरं मधल्या तुकड्यात गोळा होतात. शेवटच्या चार सऱ्या उरल्या की आत काय बसलंय ते आवाजावरूनच ओळखायचं. चुकलं तर कोयता टाकून पळायची वेळ. मावशीचा कान तिथं तयार झाला.

आणि कान तयार झाल्यावर तोंड गप्प कसं बसणार? चरताना डुकरं आपसात पुटपुटतात, पंगतीत बसलेल्या माणसांसारखी. पिलू चुकलं की चिरकतं. मोठा नर चिडला की दातावर दात घासतो, कात्री चालवल्यासारखा. हे तिन्ही आवाज मावशी काढायची. गळ्याशी अरुंद असलेलं एक लहान मडकं तोंडाला लावायचं म्हणजे आवाज घुमतो, आणि दातांसाठी वाळक्या बाभळीच्या दोन खुंट्या एकमेकींवर घासायच्या. तिनं या तिन्हींना नावंही ठेवली होती. पहिलं 'जेवायला या', दुसरं 'पोर हरवलं', आणि तिसरं 'कोन रं तू'.

या 'कोन रं तू'चा पहिला मान माणिकराव नावाच्या मुकादमाला मिळाला. बायका पाणी प्यायला थांबल्या तरी तो घड्याळ बघायचा. एकदा एक सात महिन्यांची गरोदर बाई घटकाभर टेकली तर त्यानं तिच्या पाण्याच्या कळशीला लाथ मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे माणिकराव टमरेल घेऊन उसाच्या कडेला बसले, आणि पाठीमागं दोन हातांवर दात वाजायला लागले. टमरेल एकीकडं, चप्पल एकीकडं आणि माणिकराव पँट दोन्ही हातांनी धरून तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून पळताहेत. सगळ्या बायका दारात उभ्या. "तवापासून पानी प्यायला थांबलं तर मुकादम एक शब्द बोलला न्हाई," असं मावशी सांगते. व्यंकटीकाका तिथंच बसलेले असतात. ते म्हणतात, "बोलायचा की. पन लांबून बोलायचा."

अशी ही बाई तीन वर्षांपूर्वी एकाएकी गप्प झाली.

झालं ते असं. पौषाचा महिना होता आणि मावशीच्या तीन एकरांत ज्वारी हुरड्यात आली होती, म्हणून त्या वर्षी दोघं टोळीतून मध्येच चार दिवस गावी आली होती. दिवस मावळायच्या आधी व्यंकटीकाका राखणीला रानात बसले होते, गोफणीची दोरी वळत. शेजारच्या तुरीतून एक थोरला नर निघाला आणि सरळ त्यांच्यावर आला. मांडीपासून गुडघ्यापर्यंत त्यानं फाडलं. जिंतूरच्या दवाखान्यात एकोणीस टाके पडले. पाय वाचला, पण गुडघा पुरता वळेना. ऊसतोड सुटली. मुलगा बजरंग एकटाच टोळीबरोबर जायला लागला आणि म्हातारा-म्हातारी सुनेजवळ गावातच राहिली. मावशीनं मडकं छपराच्या वाशाला पालथं घातलं. पुढं दोन-अडीच वर्षं गावातली माणसं तिच्यापुढून बिनघोर चालली. तिनं डुकराचा धसका घेतला, असं सगळे म्हणायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या मामंजींनी, म्हणजे किशनरावांनी, धरणाच्या कडेला चार एकर भुईमूग केला. शेंगा भरायला लागल्या आणि डुकरं लागली. एका फेरीत आठ-दहा सऱ्या अशा उलथून टाकायची की वाटावं नांगर फिरला. मामंजींनी उपाय बाकी ठेवला नाही. न्हाव्याकडचे केस आणून बांधावर पसरले. ते वाऱ्यानं आमच्याच अंगणात आले. जुन्या साड्यांचं कुंपण केलं. त्यात सासूबाईंच्या तेरा साड्या गेल्या आणि त्यातल्या दोन जुन्या नव्हत्या, यावरून घरात आठ दिवस बोलणं बंद होतं. मग एक भोंगा आणला आणि त्यात स्वतःच्या आवाजात शिव्या भरून ठेवल्या. दोन दिवस डुकरं बिचकली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भोंग्याच्या बरोबर खालची सरी खाल्लेली.

शेवटी वनखात्याकडं रीतसर अर्ज केला. अर्ज मीच भरला, कारण मामंजींचं आणि मोबाईलचं जमत नाही. परवानगी मिळाली. बंदूक चालवायला परभणीहून तात्याराव नावाचे परवानेवाले गृहस्थ आले. अंगात लष्करी ठिपक्यांचे कपडे, डोक्याला तसलीच टोपी, आणि अत्तर इतकं की जीप फाटकात थांबली तेव्हा आमची गाय शिंकली.

तात्यारावांनी पेटीतून एक काळा स्पीकर काढला. "यात परदेशातल्या डुकरांचे अस्सल आवाज आहेत," ते म्हणाले. "माणसानं घसा कशाला फोडायचा? लावला की कळप हजर."

दुपार कलती झाल्यावर स्पीकर रानात ठेवला. तात्याराव बंदूक घेऊन बसले, मामंजी त्यांच्या मागं, आणि निम्मं गाव मोटारीच्या खोलीमागं. मावशी आपल्या बांधावर शेळ्या घेऊन उभी होती. आवाज सुरू झाला. पहिल्यांदा गावातली सगळी कुत्री आली. ती हाकलली. मग आमची म्हैस दावं तोडून धरणाच्या पाण्यात जाऊन बसली. डुक्कर मात्र एकही नाही. तात्यारावांनी आवाज वाढवला, आणि नेमका तेव्हाच त्यांना फोन आला. तो फोन त्या स्पीकरमधूनच बोलायला लागला. चार एकरांवर एका बाईचा आवाज घुमला, "अहो, येताना कोथिंबीर आणा. आणि मागच्यासारखी पिवळी आणू नका!"

गाव हसून लोळलं. मावशी बांधावरून ओरडली, "सायेब, ही हाक मातर खरी हाय बरं का! हिला गेलंच पायजे!"

मी तिला कितीतरी दिवसांनी अशी बोलताना ऐकलं. मामंजींना राग आला. पण रात्री जेवताना सासूबाईंनी ताटात भाकरी टाकत सांगून टाकलं, "परदेशी डुकराचं आपल्या डुकराला काय कळतंय? छबूकडं जा. आन् नीट बोला."

सकाळी मामंजी मावशीच्या दारात गेले. मी बरोबर होते.

"छबे, हायस का घरात?"

"न्हाई," आतून आवाज आला.

"मग हे कोन बोलायलंय?"

"छबे नावाचं कोनी इथं ऱ्हात न्हाई. छबूबाई ऱ्हाती."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी छपराकडं बघितलं.

मावशी बाहेर आली. "किशनराव, तुमची आई आन् मी एका गावच्या. नात्यानं मी तुमची मावशी लागते. तुमची सून मला मावशी मनती, आन् तुमी मला छबे. कामून?"

"बरं बरं, मा... ते बगू मागून. भुईमुगाची पार वाट लागली. डुकराला हाक मारायला येतीस... येता का?"

मावशीचा चेहरा एकदम उतरला. तिनं वाशाकडं बघितलं. "न्हाई जमायचं. मी सोडलं ते," म्हणाली, आणि आत निघून गेली.

पुढचं मला मावशीच्या सुनेनं, राणीनं, नळावर सांगितलं. आम्ही गेल्यावर बाजेवरून व्यंकटीकाका म्हणाले, "कामून न्हाई म्हनलीस?"

"सोडलं मनून."

"कामून सोडलं?"

मावशी तांदूळ निवडायला बसली. काका म्हणाले, "त्या दिशी तुरीत आदी जे डुक्कर दात खात हुतं, ते तूच हुतीस. मला म्हाईत हाय."

मावशीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"तुमाला कसं कळलं?"

"खरं डुक्कर दात खाऊन झाल्यावर पदर तोंडात कोंबून हसत न्हाई."

गोष्ट अशी होती की मावशी त्या दिवशी काकांची गंमत करायला तुरीत शिरली होती. तिनं 'कोन रं तू' केलं, आणि तिच्या मागं वीस पावलांवर खराच नर बसलेला होता. त्याला वाटलं, आपल्याला कुणी ललकारलं. तो उठला, आणि समोर दिसले व्यंकटीकाका. हे मावशीनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"तीन वर्स बोलला न्हाई तुमी?" ती म्हणाली.

"तू बोलशील मनून थांबलतो."

"राग न्हाई आला?"

"आलता की. टाके घालताना लय आलता. तवा डॉक्टरला सांगनारच हुतो, मनलं ह्या बाईलाबी चार टाके घाला, तोंडाला." काका हसले. "पन तू मडकं पालथं घातलंस, त्याचा जास्त आला. पाय बी गेला आन् घर बी मुकं झालं. जा. मार हाक. मीबी येतो बघायला."

राणी म्हणाली, मावशी खूप रडली. आणि रडून झाल्यावर खाली बसून मडकं धुतलं.

दुपारी ती आमच्या अंगणात उभी. बगलेत मडकं, कमरेला खुंट्या. तात्याराव वऱ्हांड्यात चहा पीत होते. मावशीनं त्यांना वरून खालपर्यंत बघितलं आणि दोनदा नाक ओढलं.

"सायेब, एवढा वास घेऊन बसलात तर डुक्कर कशाला, माशीबी यायची न्हाई. अत्तर धुवा. आन् कपड्याला शेन लावा. चिखल कालवून. तोंडालाबी थोडं."

"हे शास्त्रीय आहे का?" तात्यारावांनी विचारलं.

"लय शास्त्रीय."

तात्याराव परभणीत काय असतील ते असोत, पण माणूस जिद्दीचा. त्यांनी गोठ्यामागं जाऊन सगळं केलं. बाहेर आले तेव्हा ठिपके ओळखू येत नव्हते. सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

रानात गेल्यावर मावशीनं चिमूटभर माती हवेत सोडली. वारं ओढ्याकडून आमच्याकडं येत होतं. डुकरं दिवसा त्या ओढ्याच्या जाळीतच पडून असतात. म्हणजे तात्यारावांचा वास त्यांच्याकडं जायचा प्रश्नच नव्हता. मी हळूच विचारलं, "मावशी, मग शेण कशाला?"

"मला बघायचं हुतं," ती म्हणाली.

पण त्यानंतर तिनं गंमत केली नाही. एकेकाला जागा नेमून दिली. तात्याराव बोरीच्या झुडपाआड. मामंजी पार मागं, लिंबाखाली. "हितून हालायचं न्हाई. बिडी न्हाई, खोकला न्हाई, आन् किशनराव, हुकूम सोडायचा न्हाई." मी आणि व्यंकटीकाका मोटारीच्या खोलीच्या छतावर. काकांना दोघांनी धरून शिडीनं चढवलं. मामंजींनी मला व्हिडिओ काढायला सांगितला होता. मावशी स्वतः मधल्या बांधाच्या आडोशाला बसली, उघड्यावर. दिवस अजून कासराभर वर होता.

तिनं मडकं तोंडाला लावलं. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग हळूहळू पुटपुट सुरू झाली. हुं, हुं, हुंहुं, मध्येच मचमच, मध्येच एखादं बारीक कुरकुरणं, जसं शेजारच्यानं ताटातलं ओढलं. मला माहीत होतं ती एकटी आहे, तरी मला तिथं सात-आठ डुकरं जेवताना दिसायला लागली. काका कानाशी म्हणाले, "सकाळी मी इचारलं, आपनहून कामून येईल ते? तर मनती, दुसऱ्याच्या ताटात काय हाय ते बघायला कोनीबी येतं. मानूस काय आन् डुक्कर काय."

पंधरा-वीस मिनिटं गेली. आणि इकडं मामंजींच्या लिंबाखाली मुंगळे निघाले. ते आम्हाला नंतर कळलं. आम्हाला एवढंच दिसलं की मामंजी मांड्या झाडत उठले, वाकून चालत पुढं आले आणि ओढ्याच्या बाजूला उपटलेल्या वेलांचा ढीग होता त्याला टेकून बसले. मावशीनं सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

ओढ्याची जाळी हलली. नर बाहेर आला.

मी डुक्कर पाहिलं नव्हतं असं नाही, पण असं नव्हतं पाहिलं. वासराएवढा उंच, मानेवर केस उभे, तोंड वर करून वास घेत. मामंजींपासून दहा पावलांवर. तात्यारावांनी बंदूक उचलली आणि तशीच धरून ठेवली, कारण नळीच्या रेषेत पहिल्यांदा मामंजींचा पटका होता, मग डुक्कर.

मामंजींनी मान वळवली. दोघांची नजरानजर झाली. आणि ज्या माणसाच्या तोंडात तो शब्द सकाळी बसत नव्हता, त्यानं अख्ख्या धरणाला ऐकू जाईल असा टाहो फोडला, "मावशी! ए मावशे! मावशे गंऽ!"

डुकरानं मान खाली घातली. माझ्या हातातून मोबाईल पडला. काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस काळं-निळं होतं.

त्याच क्षणी मधल्या बांधावरून दात वाजले. कट-कट-कट, कात्रीसारखे. मावशी आडोशातून उठून बांधावर उभी राहिली होती, पायाशी मडकं, हातात खुंट्या, आणि घशातून असा आवाज काढत होती की मला ती बाई वाटेचना. 'कोन रं तू.' तीन वर्षांनी पहिल्यांदा. नर जागच्या जागी फिरला. मामंजींना सोडून तो तिच्याकडं सुटला, सरळ, मध्ये काही नसल्यासारखा. मावशी हलली नाही. मला आता वाटतं, हलायचं तिला सुचलंच नसेल, पण ती स्वतः म्हणते की हलली असती तर तो परत फिरला असता.

तात्यारावांनी एकच गोळी झाडली. नर मावशीपासून आठ पावलांवर पुढच्या पायांवर बसला, मग आडवा झाला.

तात्याराव झुडपातून बाहेर आले. "बाई," ते म्हणाले, "वीस वर्षं बंदूक आहे माझ्याकडं. इतक्या जवळून डुक्कर कधी पाहिलं नव्हतं."

"मंग आतापतूर काय मारलं?"

"डबे," तात्याराव खरं बोलले. "रिकामे डबे."

"नेम चांगला हाय पन," मावशी म्हणाली. "डब्यांचं पुन्य."

व्यंकटीकाकांना खाली उतरवलं. ते काठी टेकत जनावरापाशी गेले, वाकून त्याचं तोंड बघितलं, कान उलटेपालटे केले आणि मावशीच्या कानात म्हणाले, "हे ते न्हाई. त्याचा डावा सुळा मोडका हुता."

"मीबी बघितलं," मावशी हळू म्हणाली. "गप ऱ्हावा. एवढ्या लोकांत कशाला?" मग ती डुकराकडं बघत खाली बसली. चेहऱ्यावर मघाचं काहीच नव्हतं. "जेवायला बोलावून मारनं बरं न्हाई, सविता. बरं झालं शेवटी भांडायला बोलावलं. भांडायला आलं आन् मेलं, तेवढं तरी त्याचं त्यानं केलं."

मामंजी अजून वेलांच्या ढिगाशीच होते. ते आले, पटका नीट केला, आणि दोन-तीनदा घसा साफ करून म्हणाले, "मावशी, चहा घेता का?" मावशीनं फक्त मान डोलावली. मला वाटलं होतं ती काहीतरी टोमणा मारील. नाही मारला.

पंचनाम्याला वनरक्षक आला. मेलेलं डुक्कर खात्याच्या ताब्यात द्यायचं होतं. तरुण पोरगा, अक्षर सुंदर. त्यानं लिहायला घेतलं, "सदर रानडुक्कर हे पिकाची नासधूस करीत असताना..."

"कुठं नासधूस?" मावशी म्हणाली. "आज एक शेंग खाल्ली न्हाई त्यानं. मी समोर हुते."

"मग काय लिहू? ते शेतात आलं कसं?"

"बोलावलं मनून आलं."

"आज्जी, असं लिहिता येत नाही. असा रकानाच नाही."

"रकाना नसंल तर रेघ मारून करा. साक्षीदार मनून अंगठा माझा पायजे ना? खोट्यावर मी उठवायची न्हाई."

वनरक्षकानं तात्यारावांकडं बघितलं. शेणातल्या त्या चेहऱ्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती. शेवटी त्यानं लिहिलं. मावशीनं कागद माझ्याकडं दिला, वाच म्हणाली. मी वाचलं, "सदर रानडुक्कर हे छबूबाई व्यंकटी यांनी आवाज देऊन बोलावल्यावरून सदर शेतात आले."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिनं अंगठा उठवला.

कळप महिनाभर फिरकला नाही. भुईमूग निम्म्याहून जास्त हाताला लागला. आणि मावशीचं नाव पसरलं. जिंतूरहून माणसं आली, मानवतहून आली. सेलूकडचे पाच-सहाजण गाडी करून आले, हातात मोबाईल. त्यांना मावशी नको होती, फक्त तिचा आवाज हवा होता. भरून घेऊ, रानात लावू, डुक्कर आलं की बंदूक तयार. परवानगी काढलीय, असंही त्यांनी सांगितलं. मावशीनं तिचा कागद कुठं आहे विचारलं. तेव्हा ते एकमेकांकडं बघायला लागले.

"बरं," मावशी म्हणाली. "भरून घ्या."

तिनं मडकं तोंडाला लावलं आणि एकच आवाज काढला. जाड, तुटका, छातीतून निघालेला. 'व्हुफ्!' मी तो तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. तिनं तो आठ-दहा वेळा काढला. माणसं खूश होऊन, पाया पडून गेली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मावशीकडं फोन नसतो, म्हणून माझ्याच नंबरवर. मी आवाज मोठा करून तिच्यापुढं धरला.

"आज्जी, रोज संध्याकाळी लावायलोय तुमचा आवाज. एक डुक्कर येईना!"

"अस्सं? आन् पीक कसं हाय?"

"पीक चांगलं हाय. पीक एक नंबर हाय. पन डुक्करच येईना ना!"

"लावत ऱ्हा," मावशी म्हणाली. "रोज लाव. खंड पडू देऊ नको."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मावशी, त्या आवाजाचं नाव काय?"

ती शेळ्या सोडायला उठली होती. "त्याचं? 'पळा, मानसं आली.'"